सिंहाचा जबडा आणि उसातला बिबट्या

टॅरोच्या संचात ‘स्ट्रेंग्थ’ नावाचा पत्ता असतो. मराठीत त्याला ‘बळ’ म्हणू. पांढऱ्या झग्यातील स्त्री, केसांत फुले, कमरेभोवती फुलांचीच माळ, डोक्यावर आडव्या पाडलेल्या इंग्रजी आठासारखे अनंताचे चिन्ह. ती किंचित वाकली आहे आणि तिचे दोन्ही हात सिंहाच्या जबड्यावर आहेत. सिंहाने जीभ बाहेर काढली आहे, शेपूट मागच्या पायांत घातली आहे. मागे निळसर डोंगर. उरलेले सारे आकाश पिवळेधमक. हा पत्ता कोणाच्या वाट्याला आला की काय सांगायचे ते ठरलेले आहे. सिंह म्हणजे आपल्या आत दडलेला पशू : राग, वासना, भीती. स्त्री म्हणजे त्याला मायेने वठणीवर आणणारा विवेक. पत्ता उलटा पडला तर ह्याच्या उलट. मराठी वाचकाला राशिभविष्याच्या जोडीने आता टॅरोचे भविष्यही वाचायला मिळते, तेव्हा हा अर्थ शहरात तरी कोणाला नवा नसावा.

माझे भांडण टॅरो सांगणाऱ्यांशी नाही. तो त्यांचा व्यवसाय आहे, आणि अडचणीत सापडलेल्या माणसाला दोन धीराचे शब्द सांगून कोणी चार पैसे मिळवत असेल तर त्याबद्दल नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. भांडण आपल्याशी आहे, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींशी. आपण वर्गात ‘प्रतीक’ म्हणून जे शिकवतो ते आणि टॅरोच्या पुस्तिकेतील अर्थांची यादी ह्यांत मला आता फरक करता येईनासा झाला आहे. कवितेत पाऊस आला की सर्जन, नदी आली की काळ, वड आला की परंपरा. आणि वाघ किंवा बिबट्या आला की (हे तर मुलांना तोंडपाठच असते) अंतर्मनातील आदिम प्रेरणा. पत्ता उचलायचा, अर्थ वाचायचा, गुण द्यायचे.

आधी माझाच गुन्हा सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका गावी मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एका कथेवर स्वाध्याय दिला होता. कथेत एका विवाहितेच्या गोठ्यापाशी रात्री बिबट्या येऊन जातो. (कथा कोणाची हे येथे महत्त्वाचे नाही, लेखकापेक्षा माझा दोष मोठा आहे.) प्रश्न नेहमीचा : कथेतील बिबट्या कशाचे प्रतीक आहे? गुण पाच. बहुतेकांनी ‘नायिकेच्या दडपलेल्या इच्छांचे’ असे लिहिले, कारण तसे मीच सांगितले होते. आंबेगाव तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या एका मुलाने मात्र चारच ओळी लिहिल्या. बिबट्या कशाचेही प्रतीक नाही, गोठ्यात वासरू आहे म्हणून तो आला आहे. पण कथेत कुत्रे भुंकत नाही, हे चुकले आहे. बिबट्या आला की कुत्रे आधी ओरडते, नाहीतर मग त्या घरी कुत्रे उरलेलेच नसते. आणि उरलेले नसेल तर ते लेखकाने आधी सांगायला हवे होते. मी त्याला पाचांपैकी एक गुण दिला आणि समासात ‘प्रश्न समजून घ्या’ असा शेरा मारला.

तो शेरा पुढे मला फार छळत राहिला. त्या सगळ्या गठ्ठ्यात कथा वाचलेला तो एकटाच होता. घटना कशी घडते, तिच्या आधी काय घडलेले असले पाहिजे, लेखकाने ते पाहिले आहे की नुसते ऐकले आहे, ह्याची झडती घेणे म्हणजे वाचन. बाकीच्यांनी पत्ता ओळखला होता.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर त्याचा इतिहासही थोडा पाहावा, कारण ‘हे प्रतीक सनातन आहे, मानवी मनाच्या तळातून वर आलेले आहे’ हा दावा टॅरोवालेही करतात आणि युंगचे बोट धरून आपले समीक्षकही करतात. टॅरोचा उगम पंधराव्या शतकातील उत्तर इटलीत झाला आणि तो खेळ म्हणून झाला. चार रंगांच्या नेहमीच्या पत्त्यांना बावीस चित्रपत्ते जोडण्यात आले. त्यांचे काम हुकमाचे, म्हणजे बाकीच्या पत्त्यांना मारण्याचे. तत्त्वज्ञ मायकेल डमेट ह्यांनी १९८० साली एका जाडजूड ग्रंथात हे सारे साधार मांडले आहे. फ्रान्समध्ये लोक आजही टॅरो खेळतात, आणि खेळताना भविष्याचा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग. मत्स्याचा राजा हाती आला म्हणून जलप्रलयाची वाट कोणी पाहत बसत नाही. राजा डाव मारतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि खेळणाऱ्याला तो पुरतो.

पंधराव्या शतकाच्या मध्यास मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या संचातील ‘बळ’ पाहा. तेथे स्त्री नाहीच. एक पुरुष सोटा उगारून सिंहाला झोडपायच्या बेतात आहे. त्याच घराण्याशी संबंधित दुसऱ्या एका संचात स्त्री आहे आणि तिने सिंहाचा जबडा धरला आहे. तिसऱ्या एका जुन्या संचात पुन्हा स्त्री आहे, पण सिंहाचा पत्ताच नाही. तिच्या हाती मोडलेला दगडी खांब आहे. ख्रिस्ती नीतिविचारातील चार प्रमुख सद्गुणांपैकी धैर्य हा एक, आणि तो चितारण्याचे हे निरनिराळे रूढ मार्ग होते. खांब मोडणारी बाई अंतर्मनातला कोणता पशू आवरते, हे पुस्तिकेवाल्यांनी सांगावे.

गूढार्थ चिकटला तो बराच पुढे. १७८१ साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ ह्यांनी हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे ज्ञानभांडार आहे असे जाहीर केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्याँचा उलगडा १८२२ सालचा. न वाचता येणाऱ्या लिपीचा अर्थ इतक्या आत्मविश्वासाने सांगणारा माणूस आपल्या विद्यापीठांत सहज प्राध्यापक झाला असता. आणि मी आरंभी वर्णिलेले, आज सर्वत्र दिसणारे चित्र तर १९०९ सालचे. कल्पना आर्थर वेट ह्यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ ह्या चित्रकर्तीची, छापणारे लंडनचे रायडर प्रकाशन. वेट ह्यांनी अकराव्या क्रमांकाचे ‘बळ’ आठव्यावर आणले आणि आठवा असलेला ‘न्याय’ अकराव्यावर नेला, राशींशी मेळ बसावा म्हणून. पुढे ॲलिस्टर क्रोली ह्यांनी आपल्या संचात ह्या पत्त्याचे नावच ‘लस्ट’ असे ठेवले. म्हणजे जिला आवरायचे त्या वासनेचाच जयजयकार. सनातन म्हणवणाऱ्या ह्या प्रतीकात सोटा जाऊन माळ आली, पुरुष जाऊन स्त्री आली, खांब आला नि गेला, क्रमांक बदलला, नाव बदलले. ह्यात गैर काही नाही, चिन्हे अशीच जगतात. ‘सिंह म्हणजे वासना’ एवढे एकच वाक्य हाती ठेवून हा सारा प्रवास पुसून टाकणारी यादी मात्र खोटी आहे.

इंग्रजीच्या प्राध्यापकांनी येथे हसू नये. ‘द वेस्ट लँड’ (१९२२) ह्या कवितेतील मादाम सोसोस्ट्रिस पत्ते मांडते तो भाग शिकवताना टॅरोची पुस्तिका शेजारी ठेवून एकेका पत्त्याचा अर्थ लावण्याची चाल अजून गेलेली नाही. एलियट ह्यांनी तर आपल्या टिपांत स्वच्छ कबूल केले आहे की टॅरोच्या संचाची नेमकी रचना त्यांना माहीत नाही आणि सोयीसाठी त्यांनी तीत फेरफार केले आहेत. इतालो काल्व्हिनो ह्यांनी १९७३ साली पूर्ण झालेल्या पुस्तकात टॅरोच्या पत्त्यांवरून कथाच रचल्या. त्यांतली माणसे मुकी झालेली असतात आणि पत्ते मांडून आपापली हकिगत सांगतात. शेजारचा पत्ता बदलला की तोच पत्ता दुसरी हकिगत सांगू लागतो. लेखकांना हे कळते. आपल्याला गुण द्यायचे असतात.

ह्या पत्त्याला मराठी वेष चढवण्याची आणखी एक हमखास युक्ती आहे : ‘ही तर आपली दुर्गाच.’ सिंह आहे, स्त्री आहे, झाले. महिषासुरमर्दिनीच्या शिल्पांपुढे एकदा तरी नीट उभे राहिलेल्या माणसाला असे म्हणवणार नाही. तेथे सिंह तोंड मिटून, शेपूट घालून बसत नाही. त्याने महिषाच्या अंगात दात रोवलेले असतात. देवी त्याचा जबडा मिटत नाही, कामाला लावते. दुर्गा आणि ‘बळ’ एकच, असे म्हणायला दोन्ही चित्रांकडे पाठ करावी लागते. आणि तुलनात्मक अभ्यासाच्या नावाखाली आपण वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत.

आता तो मुलगा राहतो त्या मुलखाकडे येतो. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरच्या कड्यांवर सुरू होतात आणि पूर्वेकडे उतरत बागायती मळ्यांत पसरतात. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, चाऱ्यांना पाणी आले, जिरायती रानांत ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. लपायला ह्याहून दाट आणि निवांत जागा बिबट्याला डोंगरातही मिळत नाही. मादी उसात पिल्ले घालते, ती तेथेच वाढतात, कुत्र्या-शेळ्यांवर जगतात. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. शहाणी माणसे ती रात्री आईसाठी त्याच जागी ठेवून बाजूला होतात. अशा बिबट्याने जंगल पाहिलेले असेलच असे नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातील शेतीच्या पट्ट्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले : दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे, आणि मोठे वन्य भक्ष्य जवळजवळ नाहीच.

ह्याचा प्रतीकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रक्ताचा आहे. ‘बिबट्या म्हणजे जंगल आणि शेत म्हणजे माणूस’ ही जोडी जशी आपल्या समीक्षेत आहे तशीच ती शासनाच्या आणि आपल्या सर्वांच्या मनातही होती. म्हणून उसात दिसलेला बिबट्या हा वाट चुकलेला पाहुणा ठरला. पिंजऱ्यात धरून त्याला ‘त्याच्या घरी’ नेऊन सोडणे हा उपाय भूतदयेचाही वाटला आणि शहाणपणाचाही. जुन्नर वनविभागातील नोंदींवरून अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जे मांडले ते प्रत्येक साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावे असे मला वाटते. १९९३ ते २००१ ह्या काळात ह्या भागात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. जवळच्या जंगलांत २९ बिबटे आणून सोडल्यानंतर, २००१ ते २००३ ह्या काळात, ते वर्षाला सरासरी १७ झाले. त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलखात, पिंजऱ्याचा धसका घेतलेले जनावर सोडल्यावर काय होते ह्याचा तो हिशेब आहे. हेतू कोणाचाही वाईट नव्हता. चिन्ह पाहिले, जनावर पाहिले नाही. २००२ साली माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे राहिले ते ह्याच धुमश्चक्रीत.

ह्या मुलखात बिबट्याला बहुधा नुसते ‘जनावर’ म्हणतात. काल चारीवर जनावर होते, आज ते भोपळ्याच्या वेलापाशी बसले होते. ह्या शब्दाला एकही अलंकार नाही. देव म्हणून नाव घ्यायचे तेव्हा मात्र ‘वाघोबा’. विठोबा, खंडोबा आणि आजोबा ह्यांतला ‘बा’ तोच हा. आदर दाखवायचा, नाते सांगायचे आणि त्याच दमात अंतरही राखायचे, ही तीन कामे आपल्या भाषेत हा एवढासा ‘बा’ करतो. सिंहाच्या जबड्यावर ठेवलेल्या दोन नाजूक हातांना त्यांतले अंतर राखणे काही जमलेले नाही.

पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या रानात वाघोबाची ठाणी असतात : शेंदूर लावलेला दगड, कोठे त्यावर कोरलेला वाघ. पट्टेदार वाघ ह्या डोंगरांतून गेला. वाघोबा राहिला, आणि त्याच्या नावाने बिबट्याशी व्यवहार चालू राहिला. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस होते. अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी रानात जमतात, खीर शिजते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुराढोरांना सांभाळ म्हणून विनवतात. काही गावांत पोरे वाघ, अस्वल, कोल्हा होतात आणि बाकीचे त्यांना हाकारत शिवेकडे पिटाळतात, पुन्हा आमच्या शिवारात येणार नाही असे त्यांच्याकडून वदवून घेतात.

आता ह्या वाघोबाला आपली प्रश्नपत्रिका लावून पाहा. वाघोबा कशाचे प्रतीक आहे? निसर्गाचे, मृत्यूचे, भीतीचे; काहीही लिहा, पाचांपैकी तीन गुण मिळतील. पण खीर शिजवणाऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नाही. वाघ म्हणजे काय ह्याची त्याला चौकशी नाही. वाघाशी कसे वागायचे ह्याची आहे. दगड वाघाऐवजी उभा नाही, तो वाघाशी बोलण्याची जागा आहे. जे मागायचे ते बाहेरच्या, चार पायांच्या, आज रात्री गायरानात हिंडणाऱ्या जनावराकडे मागायचे आहे, आणि मागणे अगदी ठरावीक आहे : शीव. मुलाने वाघ होऊन डरकाळी फोडणे हे सोंग खरे, पण ज्या ओढ्यापर्यंत त्याला पिटाळतात तो ओढा सोंगाचा नसतो. साहित्यशास्त्रातील चिन्हांच्या वर्गवारीत ह्या व्यवहाराला नीटसे घर नाही. माझ्या मते तो करार आहे. ज्यातला दुसरा पक्ष सही करत नाही आणि पाळेलच ह्याची हमी नाही असा. ती हमी नाही हे करणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून तर तो दरवर्षी करावा लागतो.

येथे वाघोबाची आरती करण्याचा माझा मुळीच विचार नाही. ‘आदिवासींचे निसर्गाशी सुसंवादी जगणे’ हा शहरी लेखकाच्या हातातला दुसरा हमखास पत्ता आहे. डोंगरातला करार सपाटीवरच्या उसात लागू पडत नाही. तेथे शीव कोठे आहे हेच कोणाला सांगता येत नाही, कारण जनावर शिवेच्या आत जन्मलेले असते.

आणि एक आक्षेप आहे, तो टाळता येणार नाही. ‘मग कवीने बिबट्याला बिबट्याच ठेवायचे काय? रूपक करायचा अधिकार त्याला नाही काय?’ आहे, पुरता आहे. पण रूपकाला दोन्ही अंगे जिवंत लागतात. सिंहाला दात असतील तरच त्याच्या जबड्यावर ठेवलेल्या हाताला काही किंमत. विद्यार्थ्यांना मी हल्ली एक ढोबळ कसोटी देतो : कथेतला प्राणी उचलून त्या जागी त्याचा ‘अर्थ’ ठेवून पाहा. काही बिघडले नाही तर कथा वाईट आहे. कथा बिघडली पण आपले विवेचन जसेच्या तसे राहिले तर विवेचन वाईट आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) वर आपण हा प्रयोग करून पाहिला पाहिजे. त्या कादंबरीची बाजारातली बहुतेक मार्गदर्शके वानरे म्हणजे राजकारणी, टोळी म्हणजे पक्ष, एवढ्यावर थांबतात. टोळीचा नर बदलला की आधीच्या नराच्या पिल्लांवर काय ओढवते हे माडगूळकरांनी वानरांविषयी लिहिले आहे. ते आधी वानरांविषयी खरे आहे म्हणूनच पुढे माणसांविषयी काही बोलते. मधली पायरी गाळून माणसांवर उडी मारणाऱ्याला ना वानर कळते ना राजकारण. विद्यार्थी मग पुस्तक न वाचताच उत्तर लिहू शकतो, आणि लिहितोही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबुत परिसरात तीनेक आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुले. (तालुका शिरूर, पण वनविभाग जुन्नरचाच आणि भाग आंबेगावला लागून.) त्या वर्षीची वाघबारस ह्याच दिवसांत, १७ ऑक्टोबरला पडली होती. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला, वनखात्याचे वाहन जाळले. शेवटी बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्यानंतर काही दिवस सर्वत्र एक छायाचित्र फिरत होते. पिंपरखेडच्या बायका शेतात कामाला निघाल्या आहेत आणि त्यांच्या गळ्यात टोकदार खिळे बाहेर काढलेले पट्टे आहेत. बिबट्या मान धरतो, म्हणून. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तसला पट्टा, आता माणसाच्या.

ते छायाचित्र पाहताना माझाही हात शिवशिवला हे कबूल करतो. एका बाजूला वेट-स्मिथच्या बाईची फुलांची माळ, दुसऱ्या बाजूला हा खिळ्यांचा पट्टा. काय सुंदर विरोध, काय समर्पक प्रतिमा! ह्यावर निबंध लिहिता येईल, चर्चासत्रात वाचता येईल. मग लक्षात आले की त्या बायकांनी पट्टा कोणाला काही सुचवावे म्हणून घातलेला नाही. तो घालून खाली वाकून खुरपणी करताना खिळे हनुवटीला लागत असणार. उन्हात तो तापत असणार. त्याने बिबट्या खरोखर थांबेल की नाही ह्याची त्यांनाही खात्री नसणार. तरी घालायचा, कारण शेतात जायचे टळत नाही. आधी हे सगळे मनात यायला हवे होते, आणि माझ्या मनात आधी माळ आली.

त्याच आठवड्यांत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांकडून ‘सहजीवन’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की त्याचा पत्ता झाला. बिबट्याला समजून घ्या, भीतीवर मात करा, आपणच त्याच्या घरात शिरलो आहोत. ह्यातले शेवटचे वाक्य तर उसापुरते वस्तुतःही चूक आहे. सहजीवनाची कल्पना वाईट नाही. वर ज्यांच्या अभ्यासाचा आधार घेतला ते अभ्यासकही बिबट्या आणि माणूस एकाच शिवारात राहत आले आहेत हे दाखवतात, पण आकडे, नोंदी आणि खबरदारीच्या उपायांसह दाखवतात. शहरातून येणारा उपदेश मात्र सरळ आठव्या पत्त्यावरून उचललेला असतो : बाई, तू शांतपणे, मायेने हात ठेव, तो जबडा मिटेल. हात कोणी ठेवायचा हे ठरलेले, जबडा आपल्यापासून दूर. उलट बाजूने ‘एकूण एक मारून टाका’ म्हणणारेही जनावराकडे पाहत नसतातच. त्यांनी पत्ता उलटा धरलेला असतो, एवढेच.

गावकऱ्यांचे जे मागणे होते ते ह्या दोन्ही कोलाहलांत कोणी फारसे ऐकले नाही, कारण त्यात प्रतीक करण्याजोगे काही नाही. शेतीपंपांना वीज दिवसा द्या. वीज रात्री येते म्हणून दारे धरायला रात्री उसात जावे लागते. वस्तीवर दिवे द्या. ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडालगत उघड्यावर असतात, त्यांच्या लेकरांचे काही पाहा. बिबट्या बहुधा वाकलेल्या माणसावर आणि लहान मुलावर झेप घेतो. विजेच्या वेळापत्रकाचा आणि जबड्याचा संबंध इतका सरळ आहे.

मी प्रश्न बदलला आहे. त्याच कथेवर आता विचारतो : कथेत कुत्रे का भुंकत नाही? उत्तरे फार वेगवेगळी येतात. एका मुलीने लिहिले की कुत्रे आधीच्या महिन्यात गेले असणार आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नसणार, तसे आमच्याकडेही बोलत नाहीत. आणि तेथून तिने त्या विवाहितेच्या घरातल्या गप्प बसण्याविषयी दीड पान लिहिले, जे मला दहा वर्षे दिसले नव्हते. गुण किती द्यावेत हे कळेना, मी पुरे पाच दिले. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत मात्र बिबट्या कशाचे प्रतीक आहे हा प्रश्न ह्याही वर्षी आला होता, आणि उत्तरतालिकेत त्याचे उत्तर एका ओळीत दिलेले होते.